सामनानिश्चिती

पैज लावल्या जाणाऱ्या खेळांत सामन्याचा निकाल आर्थिक लाभासाठी आधीच ठरवून ठेवणे, यास सामनानिश्चिती म्हणतात. संगनमत एखाद्या षटकापुरते वा चेंडूपुरतेच मर्यादित असल्यास त्यास ‘स्पॉट फिक्सिंग’ ही संज्ञा रूढ आहे.

ठाणे, कल्याण व डोंबिवली या नागरी पट्ट्यात पैजेचे दोन प्रकार परिचित आहेत : मटका व क्रिकेटवरील सट्टा. ‘कल्याण’ मटक्याचा कल्याण शहराशी संबंध नाही. १९६२ च्या सुमारास मुंबईत तो सुरू करणारे कल्याणजी भगत यांच्यावरून हे नाव पडले. मटक्यात आकडा चालकच काढतो; त्यामुळे लबाडीचा संशय त्याच्यावरच येतो. क्रिकेटमध्ये मात्र चेंडू बुकीच्या नव्हे, तर खेळाडूच्या हाती असतो. साहजिकच आमिष खेळाडूला दाखविले जाते. मे २०१८ मध्ये ठाणे पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकाने डोंबिवलीतून इंडियन प्रीमियर लीगवरील सट्ट्याचे प्रकरण उघडकीस आणले व त्याचा तपास चित्रपटसृष्टीपर्यंत पोहोचला. तथापि सट्टा आढळला म्हणजे सामना ठरविलेला होता, असे सिद्ध होत नाही. भावांतील फरकावर बुकीला एरवीही नफा मिळतो.

खेळाडूस गैरप्रकाराचा मोह होण्याची कारणे मुख्यतः आर्थिक आहेत. खेळाचे आयुष्य अल्प असते. संघातील स्थान अनिश्चित असते व नामवंतांच्या तुलनेत इतरांचे उत्पन्न फार कमी असते. एका षटकात अधिक धावा दिल्याने सामना हरतोच असे नाही. त्यामुळे अपराधाची बोच कमी होते व तो ओळखणेही कठीण जाते. याउलट मोठे मानधन व दीर्घ कारकीर्द लाभलेल्या खेळाडूस गमावण्यासारखे पुष्कळ असते. परंतु केवळ श्रीमंती हे संरक्षण नव्हे. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने २००० मध्ये बुकींकडून पैसे घेतल्याची कबुली दिली होती.

मे २०१३ मध्ये राजस्थान रॉयल्सचे श्रीशांत, अजित चंडिला व मुंबईचा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण यांना दिल्ली पोलिसांनी अटक केली. नियामक मंडळाने श्रीशांत व चव्हाण यांच्यावर आजीव बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले. पुढे श्रीशांत व चव्हाण यांची बंदी सात वर्षांवर आणण्यात आली. अमेरिकेतही १९१९ च्या बेसबॉल अजिंक्यपद मालिकेच्या प्रकरणात आरोपी खेळाडू न्यायालयात निर्दोष ठरले, तरी १९२१ मध्ये त्यांना खेळातून कायमचे वगळण्यात आले. क्रीडासंस्थेची शिस्त व फौजदारी पुरावा यांचे निकष भिन्न असल्याचे यावरून दिसते.

महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम (१८८७) हा जुगाराविरुद्ध आहे. सामनानिश्चितीस त्यात स्वतंत्र स्थान नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती फसवणुकीच्या कलमाखाली येत नसल्याचा निर्णय दिला. विधी आयोगाने २०१८ च्या अहवालात तिला स्वतंत्र फौजदारी गुन्हा ठरविण्याची शिफारस केली होती. स्थानिक स्पर्धांतील खेळाडूंना पुरेसे व वेळेवर मानधन, संशयास्पद पैजांवर देखरेख आणि आमिषाची माहिती देणाऱ्यास संरक्षण, हे उपाय शिक्षेइतकेच महत्त्वाचे ठरतात.