बी. ए. झालेला मुलगाही लष्करात अधिकारी होऊ शकतो



गळीत हंगामात पहाटे फडाकडे निघाले की रस्त्याच्या कडेने पळणारी पोरे दिसतात. कंदर, जेऊर, टेंभुर्णी, कुठेही जा. विचारले तर उत्तर एकच, "भरतीची तयारी." जवान होणे मानाचेच आहे. पण यातली बरीच पोरे कॉलेजात शिकतात, आणि त्याच पदवीवर अधिकाऱ्याची परीक्षा देता येते हे घरी कुणाला ठाऊक नसते.

मागे केत्तूरकडचे एक सभासद बिलाच्या चौकशीला गट ऑफिसात आले होते. बोलता बोलता म्हणाले, "थोरला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला हाय. काढून घेतो आता. साडेतीन एकरात दोघं भाऊ, आन् बी. ए.ला कोण इचारतंय?" आम्ही म्हटले, "तात्या, लष्कर विचारतंय." त्यांना ती थट्टा वाटली.

थट्टा नाही. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा सी. डी. एस. परीक्षा घेतो. डेहराडूनच्या लष्करी अकादमीसाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. बी. ए., बी. कॉम., शेतकीची, सगळ्या चालतात. कॉलेज पुण्याचे की तालुक्याचे, हे पाहत नाहीत. शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करता येतो. पदवीचा दाखला पुढे ठरल्या मुदतीत द्यायचा. चेन्नईच्या अकादमीसाठी गणिताचा पेपरही नाही, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढेच. तेथे मुलींनाही प्रवेश आहे. मात्र याच परीक्षेतून नौदलात जायचे तर इंजिनियरिंगची पदवी लागते. हवाई दलाला बी. ए. चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेले असावे लागते. अकरावीला "जड जातंय" म्हणून गणित सोडले की विमानाचा रस्ता तिथेच बंद होतो.

एन. सी. सी. म्हणजे परेड आणि नाश्ता, असा आपल्याकडे समज आहे. पण 'सी' प्रमाणपत्रात किमान 'बी' श्रेणी आणि पदवीला ५० टक्के गुण असतील तर लेखी परीक्षाच नाही. अर्जांची छाननी होऊन थेट एस. एस. बी.च्या मुलाखतीला बोलावतात. ही मुलाखत पाच दिवस चालते आणि तेथे बहुतेक जण गळतात, हेही सांगितले पाहिजे.

पदवीची वाट न पाहता जायचे तर खडकवासल्याची एन. डी. ए. आहे. पावसाळ्यात खडकवासल्यातून किती पाणी सोडले याची आपण रोज चौकशी करतो, कारण तेच मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्या तलावाच्या काठावरची ही अकादमी. बारावीवर, साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात प्रवेश. तीन वर्षांत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी तिथेच मिळते. राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश सरकारी, पालकांवर हातखर्च. २०२२ पासून मुलीही घेतात, आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

आता वयाचे. डेहराडूनला २४ आणि चेन्नईला २५ वर्षांच्या आत असावे लागते, आणि आयोग दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच जन्मतारीख धरतो. नंतरची दुरुस्ती चालत नाही. आपल्या गावांत गुरुजींनी पटावर सरसकट एक जून लिहिण्याची जुनी रीत! लहान मुलांचे शाळेतले दाखले ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीशी आत्ताच ताडून पाहावेत.

तात्यांनी पुढच्या खेपेला दाखला आणला. बापाची एक जून, पोराचीही एक जून. खरा जन्म त्याच वर्षीचा, पण दिवाळीनंतरचा. म्हणजे कागदावर पोरगा पाच महिन्यांनी मोठा. तरीही हिशेब घातला तेव्हा त्याच्या पदरात तीन परीक्षा पडत होत्या. शिवाय एन. सी. सी.त तो आहेच, हे बापाला त्या दिवशी कळले.

तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं, यंदाची तोड मीच बघतो."