आइसलंडच्या पर्यटनाचा धूर कुणाच्या वहीत?

पर्यटनाचं कार्बन उत्सर्जन मोजायला बसलं की पहिलीच पंचाईत होते: राष्ट्रीय हिशेबात 'पर्यटन' नावाचा वेगळा उद्योगच नसतो. आइसलंडचंच घ्या. केफ्लाविक विमानतळावर भाड्याने घेतलेल्या गाडीचं पेट्रोल वाहतुकीच्या खात्यात, रेकयाविकच्या हॉटेलात चादरी धुण्याची वीज ऊर्जेच्या खात्यात आणि ताटातला मासा मासेमारीच्या. मग अर्थतज्ज्ञ 'पर्यटन उपग्रह लेखा' मांडतात. प्रत्येक व्यवसायातला किती पैसा पर्यटकांच्या खिशातून आला ते काढायचं आणि त्या प्रमाणात उत्सर्जन पर्यटनाच्या नावे टाकायचं. किचकट काम, पण जमतं.

खरी गोम विमानांपाशी आहे. देशाच्या अधिकृत बेरजेत आंतरराष्ट्रीय उड्डाणांचं इंधन धरतच नाहीत, नुसतं वेगळं नोंदवतात. आइसलंडची वीज जवळपास सगळी जलविद्युत आणि भूऔष्णिक. त्यामुळे विमान वगळलं तर चित्र कसं सोज्वळ दिसतं! 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विमानप्रवासही धरला. परदेशी पर्यटकामागे सरासरी 1.35 टन उत्सर्जन निघालं, आणि त्यातला 50 ते 82 टक्के वाटा उड्डाणांचा. पर्यटनाचं एकूण उत्सर्जन 2010 मधल्या सुमारे 6 लाख टनांवरून 2015 पर्यंत 18 लाख टनांवर गेलं होतं.

विमानांचा हा धूर यजमान देशाचा की पाहुण्याच्या देशाचा, हा वाद चालू राहील. माझ्या मते दोघांच्याही वहीत दाखवावा. फक्त बेरीज करताना तो दोनदा धरू नये. आणि कुठलाही देश 'हरित पर्यटना'चा आकडा सांगू लागला, की त्यात विमान धरलंय का, एवढं आधी विचारा.