करमाळा तालुका

करमाळा तालुका हा महाराष्ट्राच्या सोलापूर जिल्ह्यातील एक तालुका असून तो जिल्ह्याच्या वायव्य टोकास आहे. करमाळा शहर हे त्याचे मुख्यालय होय. भीमा व सीना या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेला हा प्रदेश जिल्ह्यातील विरळ लोकवस्तीच्या तालुक्यांपैकी एक म्हणून ओळखला जातो. उजनी धरणाच्या जलाशयाने तालुक्याच्या पश्चिम भागाचा भूगोल व लोकजीवन दोन्ही बदलून टाकले आहे.

भूगोल

तालुक्याच्या उत्तरेस अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत व जामखेड, पूर्वेस धाराशिव जिल्ह्यातील परंडा, दक्षिणेस माढा आणि पश्चिमेस भीमेपलीकडे पुणे जिल्ह्यातील इंदापूर हे तालुके आहेत. पश्चिम सीमेवरून भीमा, तर पूर्वेकडून सीना वाहते. नदीकाठची जमीन काळी व कसदार आहे. मधला भाग मात्र बव्हंशी हलक्या, मुरमाड जमिनीचा व माळरानाचा आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेत येत असल्याने पाऊस कमी व अनियमित पडतो. येथील काही माळराने माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली घोषित झालेल्या अभयारण्याच्या मूळ क्षेत्रात समाविष्ट होती.

लोकसंख्या

२०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे अडीच लाख होती. दर चौरस किलोमीटरमागे येथे सुमारे १६० माणसे राहतात. सोलापूर जिल्ह्याची सरासरी घनता २९०, तर राज्याची ३६५ आहे. करमाळा शहराची लोकसंख्या २३ हजारांच्या आसपास असून उर्वरित सर्व वस्ती ग्रामीण आहे. अनेक कुटुंबे गावठाणात न राहता शेतातील वस्त्यांवर राहतात. त्यामुळे शाळा, दवाखाना आणि एस. टी. थांबा यांपर्यंतचे अंतर हा दैनंदिन जीवनातील महत्त्वाचा प्रश्न ठरतो. हलकी जमीन, अपुरा पाऊस आणि मोठ्या उद्योगांचा अभाव ही विरळ वस्तीची मुख्य कारणे आहेत. रोजगारासाठी पुणे परिसरात जाणाऱ्यांचे प्रमाणही मोठे आहे.

इतिहास

अठराव्या शतकात करमाळा हे निजामाच्या दरबारातील सरदार रावरंभा निंबाळकर यांच्या घराण्याच्या जहागिरीत होते. शहरातील भुईकोट किल्ला व शहराजवळील श्रीदेवीचा माळ येथील कमलाभवानीचे मंदिर ही त्या काळाची प्रमुख स्मारके होत. मंदिराची गोपुरे दाक्षिणात्य धाटणीची आहेत. मंदिराजवळची पायऱ्यांची भव्य विहीर प्रसिद्ध असून कार्तिक पौर्णिमेस देवीची यात्रा भरते.

उजनी जलाशय व विस्थापन

माढा तालुक्यातील उजनी येथे भीमेवर धरण बांधण्यास १९६६ साली प्रारंभ झाला व १९८० साली ते पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास 'यशवंतसागर' असे नाव आहे. धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यांपैकी ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते.

जलाशयात भीमाकाठची अनेक गावे बुडाली. करमाळा तालुक्यातील कुगाव, केत्तूर, पोमलवाडी, चिखलठाण, वांगी यांसारख्या गावांना त्याची झळ पोहोचली. पुणे–सोलापूर लोहमार्गही या भागात वळवावा लागला. विस्थापितांनी उंचावर नवी गावठाणे वसवली. परंतु पिढ्यानपिढ्या कसलेली नदीकाठची उत्तम जमीन पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कुगावच्या जुन्या इनामदार वाड्यासारख्या वास्तू पुन्हा दृष्टीस पडतात.

धरणाचे मुख्य कालवे भिंतीपासून खालच्या दिशेने जातात. करमाळा तालुका भिंतीच्या वरच्या अंगास असल्याने, ज्यांची जमीन बुडाली त्या गावांना कालव्याचे पाणी मिळत नाही. येथील शेतकरी जलाशयातून विद्युतपंपाने पाणी उपसतात. पाणी मागे सरले की पंप व नळ पुढे न्यावे लागतात. हा खर्च शेतकऱ्यालाच सोसावा लागतो. अंतर्भागासाठी दहिगाव उपसा सिंचन योजना आहे. कुकडी प्रकल्पाच्या कालव्याचे पाणीही तालुक्यात येते. मात्र तालुका कालव्याच्या शेवटी असल्याने ते वेळेवर व पुरेसे मिळावे ही येथील जुनी मागणी आहे.

अर्थव्यवस्था

जिरायत भागात ज्वारी, तूर व उडीद ही पिके घेतली जातात, तर जलाशयाच्या काठी ऊस व केळीचे मळे आहेत. कंदर परिसरातील केळी परदेशात निर्यात होतात. आदिनाथ व मकाई हे तालुक्यातील सहकारी साखर कारखाने होत. केम हे गाव कुंकवाच्या उत्पादनासाठी विख्यात आहे. जलाशयात कटला, रोहू व चिलापी हे मासे मिळतात. मासेमारीवर अनेक कुटुंबांची उपजीविका चालते. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात उतरतात.

दळणवळण

करमाळा शहर लोहमार्गावर नाही. जेऊर हे जवळचे प्रमुख स्थानक होय. केम, पारेवाडी व जिंती रोड ही तालुक्यातील इतर स्थानके आहेत. भीमेच्या पलीकडील इंदापूर तालुका डोळ्यांना दिसत असला, तरी रस्त्याने तेथे जाण्यास मोठा वळसा पडतो. त्यामुळे काठावरील ग्रामस्थ बाजार, नातेसंबंध व कामधंद्यासाठी होडीने जलाशय ओलांडत आले. २१ मे २०२४ रोजी कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून ६ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेने सुरक्षित जलवाहतूक आणि कुगाव–शिरसोडी पुलाचा प्रश्न ऐरणीवर आला. विरळ वस्तीच्या प्रदेशात पुलाची उपयुक्तता केवळ वाहनांच्या संख्येवरून मोजता येत नाही, हेही त्यातून अधोरेखित झाले.