दाताची कॅप नीट का बसत नाही?

रूट कॅनल झालेल्या दातावर कॅप बसली की रुग्ण निर्धास्त होतो. पण काही वर्षांनी कॅप सुटून हातात येते आणि आतला दात किडलेला दिसतो. दाताची नस काढलेली असल्याने ही कीड दुखत नाही, म्हणून ती उशिरा कळते. तिचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे कॅपची कड आणि दात यांच्यातली फट.

थोडी फट प्रत्येक कॅपला असतेच. ती सिमेंटने भरतात. सुमारे १२० मायक्रॉनपर्यंतची, म्हणजे साधारण एखाद्या जाड केसाएवढी फट सहसा चालते, असे मानले जाते. ती मोठी असेल तर सिमेंट झिजते आणि तिथे जंतू घर करतात.

ही चूक अनेक टप्प्यांवर होऊ शकते. अल्जिनेटने घेतलेले माप उघडे पडून राहिले, तर त्यातले पाणी उडून ते आकसते. धातूच्या कॅपसाठी मेणाचा नमुना करून त्याभोवती साचा घालतात, मेण जाळून टाकतात आणि वितळलेला धातू ओततात. धातू थंड होताना आकसतो. ती तूट भरून निघेल इतका साचा आधी फुगावा लागतो. तो कमी फुगला तर कॅप घट्ट होते, पूर्ण खाली बसत नाही आणि कडेला फट राहते.

झिरकोनियाची कॅप संगणकाच्या मदतीने कोरतात आणि मग सुमारे १५०० अंश सेल्सिअसला भाजतात. भट्टीत ती जवळपास २० टक्के आकसते, म्हणून मुळातच मोठी कोरावी लागते. शिवाय कोरणाऱ्या हत्याराच्या टोकाहून बारीक कोपरा यंत्राला कोरता येत नाही. त्यासाठी दात घासतानाच त्याच्या कडा गोलसर ठेवाव्या लागतात. थोडक्यात, यंत्र महागडे असले तरी चुकीचे माप ते दुरुस्त करत नाही.

म्हणून कॅप कशाची आहे एवढेच विचारून थांबू नये. पक्की चिकटवण्यापूर्वी ती दातावर घालून कडा तपासून घ्यावी. ‘पुन्हा माप घेऊ’ असे दंतवैद्य म्हणाले, तर एका जादा फेरीचा कंटाळा करू नये. नंतरही कडेला अन्न अडकणे, फ्लॉसचा दोरा फाटणे, दुर्गंधी किंवा हिरडीतून रक्त येणे अशी लक्षणे दिसली, तर दुखण्याची वाट पाहू नये. त्या दाताला दुखणारी नस उरलेलीच नसते.