मतदाराचे दोन हात

आमच्या शहाडच्या सोसायटीच्या भिंती कैक पावसाळे रंगावाचून होत्या. महापालिकेची निवडणूक जवळ आली आणि एका उमेदवाराने रंग लावून दिला. पंधरवड्याने दुसऱ्याने आवारात फरशी बसवून दिली. बैठकीत ना त्याला कोणी हरकत घेतली, ना ह्याला. चिटणीस मी. दोन्ही ठराव माझ्या अक्षरात आहेत आणि दोन्हींत ‘आभार’ हा शब्द आहे. मराठीच्या एम.ए.चा हा असा उपयोग!

शहाडला सकाळच्या गाडीत बसायला मिळणे हा दैवयोग. तो जुळला त्या दिवशी माझ्या मांडीवर विल्यम होगार्थच्या चित्रांचे पुस्तक होते. १७५४ साली ऑक्सफर्डशायरमध्ये गाजलेल्या निवडणुकीवरून या इंग्रज चित्रकाराने चार चित्रे रंगवली आणि १७५८ पर्यंत त्यांचे छाप विकायला काढले. मेजवानी, मतयाचना, मतदान आणि शेवटी खुर्चीवरून निघालेली विजेत्याची वरात. दुसऱ्या चित्रापाशी मी थबकलो. खाणावळीसमोर एक शेतकरी उभा आहे, दोन्ही पक्षांचे दलाल दोन्ही बाजूंना, आणि गडी दोघांकडूनही घेतो आहे! मतदानाच्या चित्रात लढाईत हात गमावलेला एक म्हातारा शिपाई शपथेसाठी पुस्तकावर लोखंडी आकडा टेकवतो, आणि ही शपथ चालते की नाही यावर वकील हुज्जत घालताहेत. मरणपंथाला लागलेल्यालाही उचलून आणले आहे. त्या काळी मत उघड द्यावे लागे. गुप्त मतदान तिथे १८७२ साली आले. म्हणजे पैसे मोजणाऱ्याला माल पोचला की नाही हे कळत असे. आमच्या सोसायटीने रंग एकाचा, फरशी दुसऱ्याची घेऊन मत तिसऱ्याला दिले असेल, तर ते देवालाच ठाऊक!

होगार्थच्या गर्दीत पुढारी आहेतच. पण खरी झोड आहे ती मतदारावर. इथे मला वडिलांनी बांधून ठेवलेले ‘मार्मिक’चे जुने अंक आठवले. १३ ऑगस्ट १९६० ला बाळ आणि श्रीकांत ठाकरे यांनी हे साप्ताहिक सुरू केले. बाळासाहेबांवर लंडनच्या डेव्हिड लो यांचा प्रभाव होता आणि त्यांची रेषा मोठी धारदार. ‘रविवारची जत्रा’ या सदरात होगार्थसारखीच चित्रांची दाटी असे. आमच्या घरी रविवारी ती पाने आधी कोणी बघायची यावरून भांडणे होत, असे वडील सांगत. पण त्या जत्रेत टोपी उडायची ती पुढाऱ्याची. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस तर नुसता बघत राहिला. त्याने कोणापुढे हात पसरल्याचे मला आठवत नाही. आपण त्याच्यावर प्रेम केले ते का, हे त्या दिवशी गाडीत मला थोडे कळले. कल्याण कधी गेले, समजलेच नाही.

परवा वार्षिक सभेत मागचे ठराव वाचून कायम करायचे होते. मी दोन्ही मोठ्याने वाचले. तळमजल्यावरचे काका म्हणाले, “सर, तेवढा आभाराचा शब्द गाळा ना.”

“गाळतो. मग रंगही खरवडायचा का?”

सभा हसली. ठराव शब्दाचाही फरक न करता कायम झाले. खाली सही माझीच आहे.