अपंगत्व, पूर्वकर्म आणि विहाराच्या पायऱ्या

पौर्णिमेच्या वंदनेस वस्तीतील उपासक-उपासिका विहारात जमतात. त्रिशरण-पंचशील होते, धम्मदेसना होते, खीरदान होते. अशा वेळी विहाराच्या बाहेर, पायऱ्यांच्या खाली, तीनचाकी सायकलवर बसून हात जोडणारा एखादा तरुण आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यास आत जावयाचे तर चौघांनी उचलून न्यावे लागते. प्रारंभी लोक आनंदाने उचलतात. पुढे त्यालाच संकोच वाटू लागतो आणि एके दिवशी तो येईनासा होतो. त्याला कोणी अडविलेले नसते, दारावर मनाईचा फलकही नसतो. तरीही ते दार त्याच्यापुरते बंद झालेले असते. ज्या समाजाने मंदिरांची आणि पाणवठ्यांची बंद दारे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली, त्या समाजाने या बंद दाराचा विचार इतरांपेक्षा अधिक गांभीर्याने करणे अगत्याचे आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. लोकसंख्येशी हे प्रमाण २.२१ टक्के होते. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. याच जनगणनेत अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहून अधिक आढळले. म्हणून अपंगांचा प्रश्न हा दुसऱ्या कोणाचा प्रश्न नाही. तो आपल्या घरातला प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा विचार तीन अंगांनी करणार आहोत : पूर्वकर्माच्या समजुतीविषयी धम्माची भूमिका काय, आजचा कायदा कोणते अधिकार देतो आणि आपल्या संस्थांचे कर्तव्य काय.

पूर्वकर्माची समजूत

आंधळे किंवा पांगळे मूल जन्मास आले की ‘मागच्या जन्माचे भोग’ असे उद्गार आजही ऐकू येतात. खेदाची गोष्ट ही की बौद्ध म्हणविणाऱ्या घरांतही ते ऐकू येतात. या उद्गारात सहानुभूती असल्याचा भास होतो. परंतु त्याचा परिणाम निर्दय असतो. दोष त्या मुलाचाच ठरला, की शाळेने, शासनाने आणि शेजाऱ्यांनी काही करण्याचे कारण उरत नाही.

संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना हाच प्रश्न विचारला आहे. मनुष्यास जे सुखदुःख अनुभवास येते ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच येते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. त्याविषयी आपले मत काय? तथागतांनी उत्तरादाखल आठ कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतूतील बदल, विषम आहारविहार, बाहेरून होणारा आघात आणि शेवटी कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्मानेच घडते असे म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि लोकमान्य सत्याच्याही पलीकडे धावतात, असा त्यांचा निर्वाळा आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तर पूर्वकर्मवाद, ईश्वरनिर्मितीवाद आणि अहेतुवाद हे तिन्ही वाद मनुष्याला निष्क्रिय करतात, म्हणून ते त्याज्य ठरविले आहेत. सर्व आधीच ठरलेले असेल तर काय करावे आणि काय करू नये, याचा विचार करण्याची प्रेरणाच नाहीशी होते, हा त्यामागील युक्तिवाद आहे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंगसुत्तात आजारपण, कुरूपता इत्यादींचा संबंध मागील कर्माशी जोडलेला आढळतो. अट्ठकथांतूनही अशा अनेक कथा आहेत. मग कोणते वचन प्रमाण मानावे? बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात यासाठी कसोट्या दिल्या आहेत. बुद्ध हे बुद्धिवादी होते. म्हणून जे तर्काला धरून आहे आणि ज्याचा मानवी कल्याणाशी संबंध आहे, ते बुद्धवचन म्हणून स्वीकारावे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त हा दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी शासनाला आणि समाजाला टाळता यावी यासाठीच उपयोगी पडतो, हे त्यांनी त्याच ग्रंथात स्पष्ट केले आहे. जातीच्या बाबतीत हे विवेचन आपण मनोभावे स्वीकारले. अपंगत्वाच्या बाबतीतही ते तितक्याच निष्ठेने स्वीकारले पाहिजे. अस्पृश्यता पूर्वकर्माचे फळ नव्हती, हे ज्याला पटले, त्याने अंधत्व पूर्वकर्माचे फळ आहे असे म्हणणे ही विसंगती होय.

कारणे शोधावयाची तर ती कुपोषणात, प्रसूतीच्या वेळी न मिळालेल्या उपचारांत, वेळीच न दिलेल्या लसीत, असुरक्षित कामाच्या जागेत आणि रस्त्यावरील अपघातांत शोधावीत. काही अपंगत्वे आनुवंशिक असतात, काही वार्धक्याने येतात. यातील पुष्कळ कारणे टाळता येण्याजोगी आहेत; आणि जी टाळता येत नाहीत त्यांचे दुःख हलके करता येण्याजोगे आहे.

त्रिपिटकातील व्यक्ती

बौद्ध वाङ्मयात अपंग व्यक्ती केवळ दयेचा विषय म्हणून येत नाहीत. कोसंबीच्या उदेन राजाची राणी सामावती हिची दासी खुज्जुत्तरा पाठीने कुबड असलेली होती. राणी आणि तिच्या सख्यांना राजवाड्याबाहेर जाता येत नसे. खुज्जुत्तरा तथागतांचे प्रवचन ऐकून येई आणि ते जसेच्या तसे त्यांना सांगे. ऐकताना त्या राजस्त्रिया तिला उच्चासनावर बसवीत, असे अट्ठकथा सांगते. अंगुत्तरनिकायात बहुश्रुत उपासिकांमध्ये तिला अग्रस्थान दिले आहे. लकुण्टक भद्दिय हे अत्यंत ठेंगणे भिक्खू होते आणि इतर भिक्खू त्यांची अवहेलना करीत. तथागतांनी मात्र त्यांच्या सामर्थ्याकडे संघाचे लक्ष वेधले. मधुर स्वराच्या भिक्खूंमध्ये ते अग्र मानले गेले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक कथा चूळपंथकाची आहे. चार महिने प्रयत्न करूनही त्याला एक गाथा पाठ होईना, तेव्हा त्याच्याच वडील भावाने, महापंथकाने, त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला थांबविले. त्यांनी त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते हाताने चोळीत राहण्यास सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले आणि त्या मळण्यातून त्याला अनित्यतेचा बोध झाला. येथे शिकण्याचे ध्येय बदललेले नाही, कसोटीही खाली आणलेली नाही. बदलली आहे ती शिकविण्याची रीत. महापंथकाला वाटले, शिष्य अपात्र आहे. तथागतांना दिसले, की रीत अपुरी आहे.

याबरोबरच हेही नमूद केले पाहिजे, की विनयपिटकाच्या महावग्गात ज्यांना प्रव्रज्या देऊ नये अशांच्या यादीत हातपाय तुटलेले, कुबडे, ठेंगणे, अंध, मूक, बधिर यांचा उल्लेख आहे. हा नियम लपविण्यात अर्थ नाही. तो भिक्खुसंघातील प्रवेशापुरता आहे. उपासक-उपासिका होण्यास कोणतीही शारीरिक अट कधीही नव्हती. वर सांगितलेल्या व्यक्ती याच पिटकांत मानाने उभ्या आहेत. या दोन्हींतून कोणता वारसा पुढे न्यावयाचा, याचा निर्णय कल्याणाच्या कसोटीवरच करावा लागेल.

कायदा काय देतो

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या अवस्थांत शासकीय साहाय्य मिळण्याच्या हक्कासाठी राज्याने तरतूद करावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यानंतर पहिला व्यापक कायदा येण्यास १९९५ साल उजाडले. त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते आणि शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण होते. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार २००६ मध्ये संमत झाला. भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला.

या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत अंधत्व, बधिरता, अस्थिव्यंग यांखेरीज बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, मानसिक आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, आम्लहल्ल्याने आलेले अपंगत्व यांचाही समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या व्यक्तींना शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के आणि उच्च शिक्षणाच्या शासकीय व अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. अशा बालकांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

आरक्षणाविषयी एक बाब आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावी. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपंगांचे आरक्षण आडवे, म्हणजे सर्व सामाजिक प्रवर्गांना छेदून जाणारे, मानले. अनुसूचित जातीचा अपंग उमेदवार या आरक्षणातून निवडला गेला तर त्याची गणना अनुसूचित जातीच्या जागेत होते. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. म्हणून आपल्या मुलामुलींनी जातीचे आणि अपंगत्वाचे अशी दोन्ही प्रमाणपत्रे वेळीच काढून ठेवावीत. एकाच्या भरवशावर दुसरे राहून गेले, तर हाताशी आलेली संधी निसटते. २०२० मध्ये आर्यन राज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपंग व्यक्तीही सामाजिकदृष्ट्या मागासलेल्या आहेत असे मान्य करून, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणारी गुणांची सवलत त्यांनाही लागू केली.

या कायद्याचा गाभा मात्र आरक्षणात नाही. तो ‘वाजवी अनुकूलन’ या कल्पनेत आहे. दुसऱ्यावर अवाजवी भार न पडता, अपंग व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावेत म्हणून व्यवस्थेत जो आवश्यक फेरबदल करावयाचा, ते वाजवी अनुकूलन होय. चूळपंथकाच्या हाती दिलेले वस्त्र ते हेच. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, तेव्हा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की ४० टक्क्यांची अट लेखनिकाच्या सुविधेला लावता येणार नाही. ३ मार्च २०२५ रोजी याच न्यायालयाने अंध व्यक्तींना केवळ अंधत्वामुळे न्यायाधीशपदाच्या निवडीतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला.

नाव आणि अधिकार

अलीकडे शासनव्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. अनेकांना तो सन्मानाचा वाटतो आणि त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. तथापि, आपल्या इतिहासात एक धडा आहे. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्यास बाबासाहेबांनी विरोध केला आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. देवाशी नाते जोडणारे नाव मिळाल्याने पाणवठा खुला होत नाही, हे त्यांना ठाऊक होते. शरीर दिव्य ठरविल्याने पायरीची उंची कमी होत नाही. म्हणून नाव कोणतेही असो, मागणी अधिकाराची असावी.

विहारांचे कर्तव्य

२०१६ च्या कायद्याने ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेत खाजगी मालकीच्या, परंतु जनतेच्या वापरातील इमारतीही घेतल्या आहेत. धार्मिक आणि सांस्कृतिक उपयोगाच्या इमारतींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आपली विहारे, समाजमंदिरे, वसतिगृहे आणि वाचनालये या कायद्याच्या बाहेर नाहीत. विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम करण्यास कायद्याने नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांची मुदत दिली होती. २०१७ च्या नियमांपासून मोजता ती २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणे कायद्याशी विसंगत ठरविले आणि ते बंधनकारक करण्याचा आदेश केंद्र शासनास दिला.

काम फार खर्चाचे नाही. उताराचा सर्वमान्य निकष १ ला १२ असा आहे : १ फूट उंची चढण्यास १२ फूट लांबीचा उतार. प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील, तर ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा उतार पुरतो. दोन्ही बाजूंना कठडा असावा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी आणि चाकाची खुर्ची वळविण्यास दीड मीटर व्यासाची मोकळी जागा असावी. शौचालयाचा विचार याच मापाने करावा. कारण ज्याला शौचालय नाही, तो दिवसभराच्या धम्मपरिषदेला येऊच शकत नाही.

वास्तूबरोबर वाणीचाही विचार व्हावा. धम्मदेसनेच्या वेळी बधिर व्यक्तींसाठी सांकेतिक भाषा जाणणारा दुभाषी मिळविता येईल. अंध वाचकांसाठी बाबासाहेबांचे ग्रंथ ध्वनिमुद्रित करता येतील. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारताचा लेखाधिकार कायदा असे वाचनसुलभ रूपांतर करण्यास मुभा देतो आणि याच हेतूचा माराकेश करार २०१४ मध्ये मान्य करणारा भारत हा पहिला देश होय. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील अपंग व्यक्तींची नोंद करून, त्यांना प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढण्यास साहाय्य करण्यासाठी दोन सुशिक्षित कार्यकर्ते नेमावेत. आणि हे सर्व ठरविणाऱ्या समितीत अपंग व्यक्तीच असावी. आपल्याविषयीचे निर्णय आपल्यावाचून होऊ नयेत, ही मागणी आपण शतकभर करीत आलो आहोत; ती नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

विहारासाठी वर्गणी गोळा होते, तेव्हा घुमट, कमान आणि मूर्ती यांसाठी दाते पुढे येतात. पुढील वेळी एखाद्या कुटुंबाने आपल्या दिवंगत आप्ताच्या स्मरणार्थ उतार बांधून द्यावा. त्यावर नाव कोरले नाही तरी चालेल. पायऱ्यांखाली थांबलेला तो तरुण कोणाच्याही खांद्याचा आधार न घेता स्वतःच्या हातांनी चाक फिरवीत आत येईल आणि सर्वांच्या सोबत त्रिशरण म्हणेल, तेव्हा ते दान सफल झाले असे आम्ही समजू.