साखर आणि गूळ

मुलांनो, आज दोन सशांची गोष्ट ऐका. मी लेकीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो तेव्हाची. ईस्टर होऊन दोन महिने झाले होते. तिकडे ईस्टरला सशाचं भारी कौतुक. सणाच्या हौसेनं काही जण पिल्लं आणतात आणि हौस फिटली की त्यातली कितीतरी प्राण्यांच्या निवाऱ्यात जाऊन पडतात. तिथूनच एक ससा आणायचा, असं माझ्या आठ वर्षांच्या नातीनं ठरवलं होतं.

निवाऱ्यातली सशांची खोली वेगळी, थंड आणि शांत होती. वाळल्या गवताचा वास येत होता. एका कोपऱ्यात एक पांढरी सशीण आणि एक तपकिरी, लोंबत्या कानांचा ससा बसले होते. इतके चिकटून, की एकाचं अंग कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं ते कळेना. नात म्हणाली, "आबा, ही पांढरी!" तिथल्या बाई खाली बसल्या आणि तिला म्हणाल्या, "ही एकटी मिळणार नाही, बाळ. नेलीस तर दोघांना ने." बाहेरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'बॉन्डेड पेअर'. म्हणजे जीव जडलेली जोडी.

नात हिरमुसली. "पण आबा, तूच सांगितलं होतंस ना, तुझ्या गावच्या माळावर ससा एकटाच असतो म्हणून?"

अगदी नेमका प्रश्न! घोटाळा आपल्या भाषेत आहे. ससा हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरतो. आपल्या माळावरचा तो काळ्या मानेचा ससा. तो बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा करतो आणि दबून बसतो. त्याचा सगळा भरवसा लांब तंगड्यांवर. त्याची पिल्लं जन्मतःच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. तो बहुतेक वेळ एकटा राहतो आणि त्याला ते सोसतं.

घरात पाळतात तो पांढरा-तपकिरी ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. हा बिळात राहणारा. जमिनीखाली एकाला एक जोडलेल्या बिळांची वसाहत असते. मादी साधारण 31 दिवसांनी विते. पिल्लं उघडी, आंधळी. आई स्वतःच्या अंगावरचे केस उपटून त्यांना गादी करते. पाजायला बहुधा दिवसातून एकदाच जाते, तेही चारपाच मिनिटं. उरलेला वेळ लांब राहते, कारण तिच्या मागावर आलेला कोल्हा थेट पिल्लांपाशी पोचेल. माळावरच्या सशाच्या पेशीत 48 गुणसूत्रं, याच्या पेशीत 44. दिसायला भावंडं, पण दोघांचा संकर होत नाही.

वेल्समध्ये रोनाल्ड लॉकली नावाच्या निसर्ग-अभ्यासकानं रानातल्या या सशांच्या वसाहती वर्षानुवर्षं न्याहाळल्या आणि 1964 साली त्यांच्या खासगी आयुष्यावर पुस्तक लिहिलं. कोण वरचढ, कोणाचं बीळ कुठलं, कोण कोणाशेजारी बसतं, असा सगळा त्यांचा संसार. संकट दिसलं की एक ससा मागचा पाय जमिनीवर धप्पकन आपटतो आणि बाकीचे सावध होतात. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते नेमकं नाकासमोरचं! अशा भित्र्या जिवाला शेजारी जागा असलेला दुसरा ससा म्हणजे केवढा आधार. म्हणून ती पांढरी एकटी मिळत नव्हती.

पण कुठलेही दोन ससे एकत्र सोडले की जोडी जमते असं समजू नका. अनोळखी ससे रक्त निघेपर्यंत भांडतात. आधी दोघांचं निर्बीजीकरण करावं लागतं. अंगातला जोर उतरायला त्यानंतरही काही आठवडे जातात. मग दोघांपैकी कोणाच्याच मालकीची नसलेल्या जागेत रोज थोडा वेळ भेट. एक दिवस एक ससा दुसऱ्यापुढे मान खाली घालून बसतो. आपल्याला वाटतं शरण आला. तसं नसतं, बहुधा वरचढ ससाच असा बसतो! 'चाट माझं डोकं' असा तो हुकूम असतो. दुसऱ्यानं चाटलं की समजावं, जमलं. निवाऱ्यातल्या माणसांनी ही सगळी मेहनत आधीच केलेली होती. तयार जोडी मिळणं हे मी तर भाग्यच म्हणेन.

आम्ही दोघांना घरी आणलं. नातीनं पांढरीचं नाव ठेवलं साखर, तपकिरी तो गूळ. त्यांचं मुख्य खाणं वाळलं गवत, गाजर नव्हे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. पहाटे ते आपल्याच काही मऊ लेंड्या परत खातात. शी म्हणू नका. आपली गाय रवंथ करते, तसाच सशाचा हा दुसरा घास. त्यातून त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात.

चौथ्या दिवशी गूळ धावता धावता उसळला, हवेतच अंगाला पीळ देऊन खाली आला. पाठोपाठ साखरही. आनंदानं मारलेल्या या उडीला तिकडे 'बिंकी' म्हणतात. नात टाळ्या पिटायला निघाली, मी तिचा हात धरला. मोठ्या आवाजाला ससे दचकतात.

पुढे साखरेला डॉक्टरांकडे न्यायचं झालं तेव्हा गूळही त्याच पेटीतून गेला. एकट्यानं जाऊन दवाखान्याचा वास घेऊन आलेल्या सोबत्याला घरचा ससा ओळखेनासा होऊ शकतो. दोघांतला एक मेला, तर मागे राहिलेल्याला त्याचं शरीर थोडा वेळ हुंगू द्यावं, असं जाणते सांगतात. नाहीतर तो शोधत राहतो. खाणं टाकलं तर सशाची आतडी थंडावतात आणि एका दिवसातही जिवावर बेततं.

ससा आठ-दहा वर्षं जगतो. तेवढी वर्षं सांभाळायची तयारी असेल तरच आणा, आणि जोडी आणा. घरी आधीच एकटा ससा असेल तर डॉक्टरांना विचारून त्याला सोबत शोधा. माळावर मात्र गवतात सशाचं पिल्लू एकटं बसलेलं दिसलं तर उचलू नका. त्याची आई अंधार पडल्यावर येणार आहे.